‘वार’चा रकाना

हितेंद्र इतका हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“मावशी, हे काय लिहिलंयस? वार, दोन. वार, एक. आणि हे बघ, वार, शून्य! शून्यवार कधी असतो गं? शनिवारच्या आधी का नंतर?”

नलू हातातला पोछा तसाच धरून टेबलाजवळ आली. वही तिचीच होती. निळ्या पुठ्ठ्याची, वर तिनेच पट्टी चिकटवलेली : जैविक कचरा. आत सात रकाने. तारीख, वार, पिवळी, लाल, पांढरा डबा, निळा डबा, सही. तीन वर्षांपूर्वी वरून कडक पत्र आलं तेव्हा हितेंद्रनेच ही पानं छापून आणली होती, तिच्यापुढे टाकली होती आणि बजावलं होतं, सगळे रकाने भरायचे, एकही मोकळा दिसता कामा नये. तिने विचारलं होतं, वार पण? तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला होता, वार पण.

म्हणून दिवसात किती बाळंतिणींची वार पडली ते मोजून ती रोज लिहीत आली.

त्यात काही चुकतंय असं तिच्या मनात कधी आलंच नाही. लालबागमधलं दहा खाटांचं बाळंतपणाचं इस्पितळ. इथे वारेची नोंद ठेवायची नाही तर कशाची? मूल बाहेर आलं की मागून वार पडते, ती पुरती पडली की आत तुकडा राहिला हे डॉक्टर बघतात, आणि मग ती नलूच्या हवाली. तिच्या गावी वार परसात खोल पुरतात, वर दगड ठेवतात, कुत्र्याने उकरू नये, कुणी करणीला नेऊ नये म्हणून. सरकारलाही तिची काळजी वाटून त्याने वेगळा रकाना दिला, हे नलूला मोठं समंजसपणाचं वाटलं होतं. तारखेशेजारी परत मंगळवार-बुधवार कोण कशाला लिहील? ते कॅलेंडरात असतंच.

“अगं, वार म्हणजे सोमवार, मंगळवार!” हितेंद्र म्हणाला. “तीन वर्षं! तीन वर्षं मी याच्यावर…” इथे त्याचं हसू आटलं. प्रत्येक पानाखाली त्याची सही होती.

हितेंद्र हा इस्पितळाचा मॅनेजर, मालकीण डॉक्टर मॅडमचा भाचा. मॅडमना आत्या म्हणायचा आणि आत्याच्या जिवावर बाकी सगळ्यांना अगंतुगं करायचा. मनाने वाईट नव्हता. फक्त वाचायचा कंटाळा.

“पुढच्या सोमवारनंतर कधीही तपासणी येईल,” तो म्हणाला. “नवी वही देतो. जानेवारीपासूनचं सगळं उतरून काढ. बाकी सेम टू सेम, फक्त हा रकाना नीट. मोबाइलमध्ये बघून वार टाकायचे. आणि ही जुनी गायब करायची, कळलं? हे कुणी बघितलं तर आपली वरात निघेल.”

“बरं,” नलू म्हणाली.

तिला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. नलू चौथी शिकलेली, पण कचऱ्याच्या नियमांत तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. भिंतीवरचा तक्ता तिला पाठ होता. रक्ताचा कापूस, वार, कापून काढलेलं काहीही पिवळीत. नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा लालमध्ये. सुया पांढऱ्या डब्यात, फुटक्या बाटल्या निळ्यात. पिशवी पाऊण भरली की गाठ, अठ्ठेचाळीस तासांवर कचरा घरात ठेवायचा नाही. भुलीचे मोठे डॉक्टर एकदा सुईला परत टोपण लावत होते तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, “सर, टोपण घरी पेनाला लावा. इथे सुई कटरमध्ये घालायची.” ते रागावले नव्हते, घाबरले होते. अशा बाईने तीन वर्षं एक अख्खा रकाना चुकवावा?

दुपारी बाळंतिणी झोपल्या की ती स्टोअरमध्ये खोक्यावर बसायची आणि उतरून काढायची. वार दोनच्या जागी गुरुवार. वार एकच्या जागी शुक्रवार. पिवळी, एक किलो साडेतीनशे. पिवळी, सातशे. संध्याकाळी काट्याला अडकवून पिशव्यांचं वजन तीच करायची. सकाळी कचरा नेणारी गाडी आली की तिच्यावरचा लहू पिशवीचा बारकोड मारून पुन्हा वजन घ्यायचा, आणि तिचं नि त्याचं कधी पन्नास ग्रॅमच्या वर चुकायचं नाही. नवी वही देखणी दिसायला लागली. शाळेच्या वहीसारखी.

जून संपला. आठ जुलैवर तिचा हात थांबला.

त्या ओळीत लिहिलं होतं : वार, एक. पिवळी, एक किलो सहाशे पन्नास.

तिने वरच्या ओळी पाहिल्या. वार एक, सातशे. वार दोन, एक किलो साडेतीनशे. वार तीन, दोन किलोला जरा वर. वार शून्य, नुसता कापूस, दीडशे. तीन वर्षांची पानं उलटली तरी तेच. वारेच्या मापाने वजन चढायचं आणि उतरायचं, जिन्याच्या पायऱ्यांसारखं सरळ. एकाच ठिकाणी पायरी तुटलेली. वार एक, आणि वजन दोन बाळंतिणींच्याही वरचं.

आता तिथे ‘मंगळवार’ लिहिलं की झालं. मंगळवारी कितीही वजन भरू शकतं. कुणाला काय दिसणार?

त्या मंगळवारी सकाळी दहाला सुचित्रा आली होती. गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला, माहेर लालबागचं, म्हणून नाव इथे घातलेलं. पहाटेपासून पोटात कळा, आणि पोर हलत नाही म्हणत होती. मॅडम अलिबागला. हितेंद्रने फोन लावला, मॅडम म्हणाल्या, थांबवून ठेवा, मी निघतेच आहे. दुसरीकडे पाठवू का, हे त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मॅडम आल्या सव्वाचारला. पाच वाजता सगळं संपलं होतं.

सुचित्राला इंजेक्शन देऊन झोपवलं. नवरा, सुशांत, बाहेर बाकावर होता. त्याला मॅडमनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, वीस आठवड्यांचा गर्भ होता, पडला. तुम्ही बघू नका, तिलाही दाखवू नका, पुढच्या खेपेला मनात राहतं. इथे सही करा, बाकी आम्ही बघतो. त्याने केली.

आत नलूच्या हातात जे होतं ते वीस आठवड्यांचं नव्हतं. तिने एकोणीस वर्षांत इतकी हातात घेतली होती, की तिला काट्याची गरज नव्हती. बोटांना नखं आली होती. सातवा लागलेला असणार.

तक्त्यावर तेही लिहिलेलं होतं, खालून तिसऱ्या ओळीत. चोवीस आठवड्यांच्या आतला गर्भ पिवळ्या पिशवीत. त्याच्या पुढचं असेल तर कचरा नव्हे. नातेवाइकांच्या ताब्यात, कागदपत्रं करून. मग चौकशी होते, आई सकाळी किती वाजता आली आणि डॉक्टर किती वाजता, हे कुणीतरी विचारतं.

“मॅडम,” नलू म्हणाली होती, “हे पिवळीतलं नाही.”

मॅडम हात धूत होत्या. कोपरापर्यंत साबण लावून, नेहमीसारख्या नीट. “पेपरवर वीस आहेत, नलू. पिवळी.”

आणि जी बाई भुलीच्या डॉक्टरला टोपणावरून बोलली होती, तिने पिशवी उघडली.

ती ओळ तिने नव्या वहीत तशीच कोरी सोडली आणि पोछा मारायला उठली.

*

सोमवारी सुचित्रा आली. सोमवारी तिच्या दुकानाला सुट्टी असायची आणि दर सोमवारी ती यायची. हा सहावा. ती आली की नलूला नेमकं मागच्या मोरीत काहीतरी घासायचं आठवायचं. आज ती काउंटरजवळच अडकली, बाळाचं ओलं दुपटं हातात घेऊन.

“ताई, मी गेल्या वेळी पण बोललो ना,” हितेंद्र सांगत होता, “फाईल रेकॉर्डला गेली. मिळाली की फोन करतो.”

“सोनोग्राफी तुमच्याकडचीच होती. तुमच्या मशीनची. त्याचा कागद तरी द्या.”

“तो फाईलमध्येच असतो.”

“आणि फाईल?”

“रेकॉर्डला.”

“रेकॉर्ड कुठे आहे? मी जाते.”

“ताई, हे बघा, डिस्चार्ज कार्डवर क्लिअर लिहिलंय, ट्वेंटी वीक्स. मिस्टरांनी साइन केलंय. तुम्ही आराम करा, पुढचा चान्स घ्या. काय?”

सुचित्राने पर्स खांद्याला लावली आणि वळली. नलूला वाटलं, सुटले. पण ती जिन्यात उभी होती, कठड्याला धरून, आणि नलू दुपटं वाळत घालायला गच्चीवर निघाली तशी तिने वाट अडवली.

“मावशी, तुम्ही होतात ना त्या दिवशी? तुम्ही माझ्या तोंडाला पाणी लावलंत.”

“होते.”

“मला पैसे-बिसे नकोत यांचे. केस पण राहू द्या. सासू म्हणते, तुझेच दिवस चुकले, नोकरीच्या धांदलीत तारखा कुठे लक्षात राहतात. सुशांत आधी काही बोलायचा नाही, आता तोही म्हणतो, डॉक्टर कशाला खोटं बोलेल. मी कॅलेंडरवर फुल्या मारलेल्या, त्या परत परत मोजते. आणि आता…” तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. “आता मलापण वाटायला लागलंय चुकले असतील. मी हललेलं समजायचे तो गॅस असेल. एवढंच सांगा. माझे दिवस चुकले होते का?”

काउंटरवरून हितेंद्रची हाक आली. “मावशी! कुठे मेली ही? ओ.टी. धुवायचीय!”

नलूने दुपटं पिळलं. ते आधीच पिळलेलं होतं.

“घर कुठे तुमचं?” तिने विचारलं.

“फणसवाडीत.” सुचित्राने चाळीचं नाव सांगितलं, मजला सांगितला. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी आलं, ते बघायला नको म्हणून नलू वर गेली.

त्या दुपारी तिने कोऱ्या ओळीत लिहिलं : मंगळवार. वजन होतं तेच. ऑगस्ट उतरवला, सप्टेंबर उतरवला. दुसऱ्या दिवशी नवी वही हितेंद्रच्या टेबलावर ठेवली. त्याने चार पानं चाळली.

“बघ, किती डिसेंट दिसतंय. जुनी आण.”

तिने आणली.

“पिवळीत घाल. थेट भट्टीत जाईल, विषय संपला.”

“कागद पिवळीत जात नाही,” नलू म्हणाली.

“काय?”

“तक्त्यावर आहे. कागद साध्या कचऱ्यात. पिशवीवर आपला बारकोड असतो, सर. भट्टीवर कुणी उघडली तर आपलंच नाव. तपासणी तोंडावर आहे.”

हितेंद्र तिच्याकडे बघत राहिला. नियम बरोबर होता, आणि हाच तर वैताग होता. “मग साध्यात टाक बाई. पण फाडून.”

“फाडते,” नलू म्हणाली.

स्टोअरमध्ये जाऊन तिने वही जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली, डब्याखाली. पिशवीची गाठ दोनदा सुटली. दोन महिन्यांपूर्वी सुटायला हवी होती, तेव्हा कशी घट्ट बसली होती!

*

फणसवाडीतल्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. सुचित्राची सासू, रखमा, उंबऱ्याच्या आत बसून ताटात सोडे निवडत होती. सुशांत नुकताच कामावरून आलेला, गळ्यात कुरिअर कंपनीचं ओळखपत्र तसंच. सुचित्रा ओट्याशी होती. नलूला बघून तिने गॅस बंद केला.

“कोण गो ही?” रखमाने विचारलं.

“दवाखान्यातल्या मावशी.”

“हिच्या तारखांचाच परत काय ता? मी सांगलंय हिका…”

“आई, जरा थांबा.”

नलूने चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं आणि वही जमिनीवर ठेवून उघडली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलेलं, त्यातलं एकही आठवेना. तिने नुसतं ओळीवर बोट ठेवलं.

“हा कचरा. दिवसाचा. ही पिवळी पिशवी, हे वजन. आणि हे वार म्हणजे मंगळवारबिंगळवार नाही. वार. बाळंतिणीची. माझी चूक झाली ती लिहायला, पण बरं झालं. एक बाळंतीण असली की सातशे. हे बघा, एक, सातशे. हे एक, सहाशे ऐंशी. दोन असल्या की तेराशे-चौदाशे. आणि ही तुमची तारीख. त्या दिवशी दुसरी कुणी नव्हती. एकच.”

सुचित्रा वाकून बघत होती, पण आकडे तिच्या नजरेत ठरत नव्हते. सुशांतला आधी कळलं. तो दिवसभर काउंटरवर पार्सलं तोलायचा. वजनात काय चढलंय हे त्याला डोळे मिटून समजायचं.

“साडेनऊशे जास्त आहे,” तो म्हणाला.

“कशाचं?” रखमाने विचारलं.

शेजारच्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. सुशांत भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

“वीस आठवड्यांचं तीनशेच्या आत असतं,” नलू म्हणाली. “तुमचे दिवस चुकले नव्हते. एकपण चुकला नव्हता.”

तिला वाटलं होतं सुचित्रा रडेल. ती रडली नाही. तिने बोटाने ती ओळ पुसल्यासारखी केली, मग विचारलं, “पिशवी कोणी बांधली?”

“मी.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तरी बांधलीत.”

“मॅडमना म्हटलं होतं एकदा.” हे बोलता बोलताच नलूला त्यातलं ‘एकदा’ ऐकू आलं. “बांधली,” ती म्हणाली.

“मग आता काय न्यायला आलात? माफी?”

“नाही. वही द्यायला.”

“मी सहा वेळा आले तिथे. पाच वेळा तुम्ही मोरीत जाऊन बसलात. मला भांड्यांचा आवाज यायचा, मावशी.”

नलू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“नुसती वही दाखवली तर ते म्हणतील, आयाचं काय ऐकता, तिला वार लिहिता येत नाही,” सुचित्रा म्हणाली. तिचा आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावा तसा सपाट झाला होता. “मागच्या पानावर लिहून द्या. काय होतं, कुणी सांगितलं, कुणी बांधली. नाव घालून. उद्या मी वॉर्ड ऑफिसला जाणार.”

“नोकरी जाईल त्यांची,” सुशांत म्हणाला.

“जाईल,” नलूच म्हणाली.

“द्या इकडे, मी लिहितो, तुम्ही सांगा. मावशींचं अक्षर…”

“तू नको,” सुचित्रा म्हणाली. “तू एक सही केलीस तेवढी पुरे.”

सुशांतने पेन नलूपुढे ठेवलं आणि हात मागे घेतला.

नलू लिहायला बसली. मांडीवर पाट घेऊन, अक्षर अक्षर लावत. मी नलिनी, लालबागच्या इस्पितळात आया. तारीख आठ जुलै. मॅडम सव्वाचारला आल्या. हे सरळ गेलं. मॅडमनी मला सांगितलं पिवळीत घाल. हेही गेलं. मी पिवळ्या पिशवीत… इथे पेन थांबलं. तक्त्यावर गर्भ म्हटलेलं. कार्डावर आणखी काही, इंग्रजीत. हितेंद्र फोनवर लहूला म्हणाला होता, आज जरा माल जास्त आहे. यातलं काहीच तिच्या हातून उतरेना.

“काय लिहू?” तिने विचारलं. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

सुचित्राने तोंड फिरवलं होतं. सुशांत फरशीकडे बघत होता.

रखमाने ताट बाजूला सारलं. दोन महिने ती सुनेला तारखांवरून बोलली होती, आठवड्यातून तीनदा, शेजारणींसमोरसुद्धा. तिने सोड्यांचे हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

“झील की चेडू?”

झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी. नलूचंही गाव कणकवलीकडचं, तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. पण हे तिला इतक्या दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं, आणि वहीत त्याला रकाना नव्हता.

“चेडू,” ती म्हणाली.

सुचित्राच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. रखमाने तिच्याकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही. ती नलूच्या हातातल्या पेनाकडे बघून म्हणाली, “मगे तसाच लिव. चेडू.”

नलूने पेन टेकवलं. सुचित्रा वळली आणि गुडघे टेकून वहीजवळ बसली, इतकी जवळ की तिचा श्वास नलूच्या मनगटाला लागत होता, आणि अक्षरं उमटताना बघत राहिली. आधी च. मग त्याच्यावरची मात्रा.